काळी गोटी: क्लबातून बोलण्यात आलेली इंग्रजी

'माझी परीक्षा याही वेळी राहिली,' असं कुणी म्हटलं की इंग्रजी बोलणारा माणूस चटकन म्हणतो, 'जॉइन द क्लब.' भाषा नव्यानं शिकणारा गोंधळतो. 'कुठला क्लब?' असं विचारूनही बसतो. त्याला कुणी कुठेच बोलावलेलं नसतं. 'माझंही तेच झालंय, आपण समदुःखी,' एवढंच समोरच्याला म्हणायचं असतं. तिन्ही शब्द ओळखीचे आहेत, तरी अर्थ हाती लागत नाही. शिकवताना ही अडचण मी नेहमी पाहतो. वाक्प्रचारांची यादी पाठ करून ती सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्या शब्दांमागे एके काळी माणसं प्रत्यक्ष काय करत होती, ते पाहावं लागतं.

लंडनमध्ये पहिलं कॉफीगृह १६५२ मध्ये पास्का रोझे यानं सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत अशी कॉफीगृहं गल्लोगल्ली निघाली. एक पेनी टाकली की कुणीही आत बसावं, वर्तमानपत्रं वाचावीत, वाद घालावा. या मोकळ्या बोलण्याची राजा दुसरा चार्ल्स याला इतकी धास्ती वाटली, की १६७५ च्या डिसेंबरात त्यानं कॉफीगृहं बंद करण्याचं फर्मान काढलं. लोक खवळले आणि काही दिवसांतच ते मागे घ्यावं लागलं.

'क्लब' या शब्दाचा मूळ अर्थ सोटा. सतराव्या शतकात त्याला एकत्र येण्याचा, पैसे एकत्र करण्याचा अर्थ चिकटला. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशीत १६६० मध्ये पॅल मॅल या रस्त्यावरच्या एका खानावळीचा उल्लेख 'आमचं क्लबिंगचं जुनं ठिकाण' असा येतो. मित्रांनी जमायचं, खायचं-प्यायचं आणि खर्च वाटून घ्यायचा. आजही 'क्लब टुगेदर' म्हणजे वर्गणी काढणं. क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इमारत, दरवान आणि गालिचे येतात, पण वर्गणी आधीची आहे, इमारत नंतरची.

इमारतीही लवकरच आल्या. 'व्हाइट्स' हा क्लब १६९३ मध्ये एका इटालियन माणसाच्या चॉकलेटगृहातून उभा राहिला. त्यानंतर १७६२ मध्ये 'बूडल्स' आला, १७६४ मध्ये 'ब्रूक्स'. कॉफीगृहात पेनी टाकली की आत जाता येत होतं. इथे मात्र सभासदांनी निवडून घ्यावं लागे, आणि ही निवड जरा जवळून पाहण्यासारखी आहे. एका सभासदानं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. मग एक लाकडी पेटी ठेवली जाई. पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. मिटलेली मूठ पेटीच्या तोंडातून आत घालायची आणि गोटी सोडून हात बाहेर काढायचा. कुणी कोणती टाकली ते शेजारच्यालाही कळत नसे. शेवटी पेटी उघडून गोट्या मोजायच्या. काही क्लबांत एकच काळी गोटी निघाली तरी त्या माणसाचा प्रवेश संपला. कारण सांगायची गरज नाही, दाद मागायची सोय नाही.

'ब्लॅकबॉल' हे क्रियापद इथलंच. शब्दकोशात घाईघाईनं त्याच्यापुढे 'वाळीत टाकणे' लिहिलेलं दिसतं, ते मला पटत नाही. वाळीत टाकतात ते आपल्यातल्याच माणसाला. ब्लॅकबॉल होतो तो दारातच अडवलेला माणूस. आतल्याशी बोलणं तोडायचं असेल तर इंग्रजीत त्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवतात', आणि तो वाक्प्रचार वेगळा आहे. मतपत्रिकेला आपण बॅलट म्हणतो, तो शब्दही गोटीचाच: इटालियन भाषेत 'बालोत्ता' म्हणजे लहान गोळी.

आत गेलेल्या माणसाची संध्याकाळ पत्त्यांवर जाई. एडमंड हॉयल यानं व्हिस्ट या खेळाचे नियम १७४२ मध्ये छापले आणि ते इतके प्रमाण मानले गेले, की 'अकॉर्डिंग टू हॉयल' म्हणजे नियमाला धरून, असा अर्थच रूढ झाला. उतारी ज्या रंगाची, त्याच रंगाचं पान टाकायचं, यावरून 'फॉलो सूट' म्हणजे दुसऱ्यानं केलं तसंच आपण करणं. 'ट्रम्प कार्ड' शिकवायला तर काहीच कष्ट नाहीत, हुकमी एक्का मराठीत केव्हाचा आहे. 'अबव्ह बोर्ड' मधला बोर्ड म्हणजे टेबल: हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे, म्हणजे व्यवहार चोख. अशा व्युत्पत्ती सांगताना हात आखडता घ्यावा, एवढं मात्र जरूर सांगेन. 'माइंड युअर पीज अँड क्यूज' (म्हणजे नीट वागा-बोला) हे दारूच्या पाइंट आणि क्वार्टच्या हिशेबावरून आलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिला पुरावा नाही.

चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी १७६४ मध्ये सोहोतल्या 'टर्क्स हेड' या ठिकाणी आपला छोटा क्लब जमवला. आपल्या कोशात जॉन्सननं क्लबाचा अर्थ, काही अटींवर जमलेली चांगल्या सोबत्यांची बैठक, असा दिला होता. चार माणसांत बसून रंगतदार बोलू शकणाऱ्या माणसासाठी त्यानं 'क्लबेबल' हा शब्द वापरला. मला हा शब्द फार आवडतो. व्याकरणाच्या चुका सुधारून घ्यायला येणाऱ्या बहुतेकांना खरं तर हेच व्हायचं असतं.

अशा क्लबांची दारं मात्र कामगारांना आणि स्त्रियांना फार काळ बंद राहिली. कामगारांच्या क्लबांची संघटना इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये उभी राहिली. चार्ल्स डिकन्सच्या सन्मानार्थ पत्रकारांनी दिलेल्या भोजनाला स्त्रियांना येऊ दिलं नाही, म्हणून न्यूयॉर्कमध्ये पत्रकार जेन क्रोली यांनी १८६८ मध्ये 'सोरोसिस' हा स्त्रियांचा क्लब काढला. १८३१ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या 'गॅरिक'नं स्त्रियांना सभासद करून घेण्याचा कौल दिला तो २०२४ मध्ये. 'ओल्ड बॉइज नेटवर्क', म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या पुरुषांचं जुनं जाळं, या शब्दांत आजही जो कडवटपणा ऐकू येतो, तो उगीच नाही.

अशी वाक्प्रचारांनी भरलेली इंग्रजी परक्यांना शिकवायची कशी, याचा नेटानं विचार झाला तो टोकियोत. इंग्रज भाषातज्ज्ञ हॅरॉल्ड पामर १९२२ मध्ये जपानला गेले. पुढच्याच वर्षी तिथे इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था सुरू झाली. कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर येतो, याच्या याद्या पामर आणि ए. एस. हॉर्नबी यांनी तयार केल्या. त्यातून हॉर्नबी आणि सहकाऱ्यांचा कोश १९४२ मध्ये, ऐन युद्धात, टोकियोत छापला गेला. त्याच्या नावातच 'इडिओमॅटिक', म्हणजे वाक्प्रचारांना धरून असलेली, हा शब्द होता. ऑक्सफर्डनं १९४८ मध्ये तो पुन्हा काढला, आणि जगभर विद्यार्थी वापरतात तो 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' कोश त्याचाच वंशज.

पण कोश बोलायला जागा देत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी टोस्टमास्टर्सची सभा भरवली, ती तिथल्याच लोकांना चारचौघांत उभं राहून बोलता यावं म्हणून. इंग्रजी शिकणारे तिथे पुढे मोठ्या संख्येनं येऊ लागले. त्या नावातला 'टोस्ट' म्हणजे पूर्वी मद्यात टाकत तो भाजलेल्या पावाचा तुकडा; पुढे पेला उंचावून कुणाच्या सन्मानार्थ दोन शब्द बोलणं म्हणजेही टोस्ट. आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये 'इंग्लिश कॉर्नर' भरू लागला. तिथे सूचक नव्हता, अनुमोदक नव्हता, वर्गणी नव्हती. यायचं, झाडाखाली उभं राहायचं आणि जवळ येईल त्या अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायला लागायचं.