'तटस्थ' या एका रकान्याची पार्श्वभूमी

युरोपीय सामाजिक निधीतून, म्हणजे युरोपीय संघाच्या रोजगार-प्रशिक्षणासाठीच्या निधीतून, पैसा मागायचा, तर अर्जात स्त्री-पुरुष समानता, भेदभावविरोध आणि शाश्वत विकास यांवर लिहावेच लागते. या अटींना 'हॉरिझॉन्टल' तत्त्वे म्हणतात. ती कुठल्या एका योजनेची नसतात, सगळ्याच योजनांना लागू असतात. मराठीत त्यातल्या त्यात जवळचा शब्द 'सर्वव्यापी'.

समान कामाला समान वेतन हे कलम आणि सामाजिक निधी, दोन्ही १९५७ च्या रोम करारातलेच, म्हणजे आजच्या युरोपीय संघाचा पाया घालणाऱ्या करारातले. पण त्यांची खरी गाठ पडायला पुढचे शतक उजाडायची वेळ आली. तोवर समानता म्हणजे फार तर स्त्रियांसाठी वेगळे प्रशिक्षणवर्ग. १९९५ च्या, संयुक्त राष्ट्रांच्या बीजिंग महिला परिषदेनंतर प्रत्येक धोरणात हा विचार मुरवण्याची भाषा सुरू झाली. १९९९ मध्ये लागू झालेल्या अ‍ॅम्स्टरडॅम कराराने लिंग, वंश, धर्म किंवा श्रद्धा, अपंगत्व, वय आणि लैंगिक कल या सहा आधारांवरच्या भेदभावाविरुद्ध पावले उचलण्याचा अधिकार युरोपीय संघाला दिला. २००६ च्या निधी-नियमांत कलम १६ समानतेचे आणि कलम १७ शाश्वत विकासाचे. २०१३ च्या नियमांत हीच कलमे ७ आणि ८ झाली.

कलमे पक्की झाली, घोळ झाला तो अर्जाच्या नमुन्यात. काही सदस्य देशांनी अर्जदाराला तीन पर्याय दिले: प्रकल्प या तत्त्वासाठीच आहे, प्रकल्पाचा परिणाम सकारात्मक आहे, किंवा प्रकल्प 'तटस्थ' आहे. 'सकारात्मक'वर खूण केली की कृती दाखवा, निर्देशक द्या, शेवटी तपासणीला सामोरे जा. 'तटस्थ'वर खूण केली की काम संपले. मग अर्जदार काय निवडणार, हे वेगळे सांगायला नको. नियमात शब्द होते 'विचारात घ्या आणि चालना द्या'. 'परिणाम नाही' असे सांगून मोकळे होण्याची वाट त्यात नव्हती, ती नमुन्याने काढून दिली.

बेरोजगारांसाठीचा एक संगणकवर्ग घ्या. 'सर्वांना खुला', म्हणून तटस्थ. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वेळ नऊ ते चार, मुले सांभाळायची सोय नाही. जाहिरात म्हणजे पत्रकाचा फोटो, जो अंधांचे वाचन-सॉफ्टवेअर वाचू शकत नाही. कोणालाही मज्जाव केलेला नाही, तरी कोण येणार हे ठरून गेलेले आहे. असा अर्ज जोखायला तीन गोष्टी पुरतात: लक्ष्यगटाचे स्त्री-पुरुष असे वेगळे आकडे आहेत का, अडथळ्याचे नाव घेतले आहे का, आणि तो दूर करायला अंदाजपत्रकात ओळ आहे का. तिसरी नसेल तर पहिल्या दोन म्हणजे दुसऱ्या अर्जातून उचललेला मजकूर समजावा.

पोलंडने २०१४-२० च्या काळात यावर बरा तोडगा काढला. खुल्या प्रकल्पात अपंग व्यक्ती येईल की नाही हे आधी कळत नाही, म्हणून तो खर्च आधी धरायचा नाही. व्यक्ती दाखल झाली की सांकेतिक भाषेचा दुभाषी, मदतनीस किंवा तात्पुरता रॅम्प यांसाठी माणशी १२,००० झ्लॉटींपर्यंत (झ्लॉटी म्हणजे पोलंडचे चलन) रक्कम मिळे.

पर्यावरणाच्या रकान्याची गत याहून वाईट. 'कागद दोन्ही बाजूंनी छापू' हे वाक्य किती अर्जांतून फिरले असेल, कोण जाणे. २०२१ च्या नियमांत कलम ९ ने ही तीन आणि आणखी एक अशी चार तत्त्वे एकत्र आणली आणि पर्यावरणाला 'लक्षणीय हानी नको' ही कसोटीही घातली. सामाजिक निधीत ती मुख्यतः कार्यक्रमाच्या पातळीवर, कृतींच्या प्रकारांनुसार लावली जाते. भाषेच्या वर्गासाठी वेगळा अहवाल मागणे हा अतिउत्साह आहे.

त्याच कलमातले चौथे तत्त्व म्हणजे युरोपीय संघाची मूलभूत हक्कांची सनद, आणि सगळ्यात जास्त पैसा अडला तो तिच्यापायी. सनदेचे पालन ही पूर्ण काळ टिकवायची पूर्वअट झाली. ती मोडली तर खर्च दाखवता येतो, पण त्याची भरपाई मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचा निधी असा थांबला. वर्षभराने, न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांनंतर, सुमारे १० अब्ज युरो मोकळे झाले आणि तो निर्णय राजकीय सोयीचा होता की कायदेशीर, यावर वाद पेटला. त्याआधी २०२१ मध्ये पोलंडमधल्या काही प्रांतिक सभांनी समलिंगीविरोधी ठराव मागे घेतले होते. निधी जाण्याची भीती नसती तर ते घडले असते असे मानायला फारसा आधार नाही.

आकडेवारीचा गुंता मात्र उरलाच. अपंगत्व किंवा अल्पसंख्याक असणे यांची माहिती सहभागी व्यक्तीने स्वेच्छेने द्यायची असते. नोंदवहीतून ती मिळत नसेल, तर २०२१-२७ च्या नियमांनुसार प्रकल्प चालवणाऱ्याचा जाणता अंदाजही चालतो. त्यामुळे एका कार्यक्रमाचा मोजलेला आकडा आणि दुसऱ्याचा अंदाज एकाच तक्त्यात शेजारी बसतात, आणि 'तटस्थ' वर्गात अपंग कमी आले की त्यांनी फक्त सांगितले नाही, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.