केपॅच आणि लाइव्हपॅच : पॅच बनवणारं कोण, बसवणारं कोण

सर्व्हर रीबूट न करता चालू लिनक्स कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली) त्रुटी पॅच लावून दुरुस्त करायचा विषय निघाला की दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात : केपॅच आणि लाइव्हपॅच. त्यात भर म्हणून कॅनॉनिकल कंपनीने २०१६ साली उबुंटू या आपल्या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनसाठी सुरू केलेल्या सेवेचं नावही लाइव्हपॅचच. रोजच्या बोलण्यात यामुळे फारसं काही बिघडत नाही. पण पॅच मध्येच अडकला किंवा टेस्ट नापास झाली, की नेमकं कुठे बघायचं हे या दोघांमधली हद्द माहीत असल्याशिवाय कळत नाही. चुकीच्या ठिकाणी शोधाशोध करण्यात वेळ जातो, आणि तोवर सुरक्षेचं भोक उघडंच राहतं.

थोडक्यात सांगायचं तर केपॅच हे कर्नलबाहेरचं साधन आहे. सोर्समधल्या बदलापासून ते कर्नल मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलमध्ये जोडता येणारा कोडचा तुकडा, तयार करतं. लाइव्हपॅच हा कर्नलचाच भाग आहे. ते मॉड्यूल लोड झालं की जुन्या फंक्शनच्या जागी नवं फंक्शन चालवायची जबाबदारी त्याची.

गोंधळाला इतिहासही कारण आहे. २०१४ च्या सुरुवातीला रेड हॅटने केपॅच आणि सुसेने केग्राफ्ट असे दोन स्वतंत्र उपाय पुढे आणले. (त्याआधीचं केस्प्लाइस एमआयटीतून निघालं होतं, २०११ मध्ये ते ओरॅकलने घेतलं.) तेव्हाच्या केपॅचमध्ये पॅच बनवणारा भाग होता आणि पॅच बसवणारं स्वतःचं कर्नल मॉड्यूलही होतं. ते मॉड्यूल क्षणभर सगळे सीपीयू थांबवायचं, प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक (कुठली फंक्शन्स अर्ध्यात आहेत याची नोंद) तपासायचं आणि बदलायचं फंक्शन कुठेच चालू नसेल तरच पुढे जायचं. केग्राफ्ट कोणालाच थांबवत नसे. एकेक प्रोसेस कर्नलमधून बाहेर पडताना ते तिला नव्या कोडवर नेत असे. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या ४.० कर्नलमध्ये दोघांना सामायिक असा पाया 'लाइव्हपॅच' नावाने दाखल झाला, आणि २०१७ च्या ४.१२ मध्ये दोन्ही पद्धतींचा मेळ घालून आजची संक्रमणाची, म्हणजे प्रोसेसना जुन्या कोडवरून नव्यावर नेण्याची, रीत आली. केपॅचचं बसवणारं मॉड्यूल त्यामुळे मागे पडलं, पण बनवणारं 'केपॅच-बिल्ड' टिकून राहिलं. म्हणून 'केपॅच जुनं, लाइव्हपॅच नवं' हे म्हणणं अर्धंच खरं आहे. केपॅच-बिल्ड आज जे मॉड्यूल बनवतं, ते लाइव्हपॅचसाठीच असतं.

केपॅच-बिल्ड : दोन बिल्डमधला फरक

कल्पना सोपी आहे. मूळ कर्नल एकदा बिल्ड करायचा, पॅच लावून बदललेल्या फाइल्स पुन्हा बिल्ड करायच्या, आणि दोन्ही वेळच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपायलरने सोर्सपासून बनवलेल्या) शेजारी ठेवून कुठली फंक्शन्स बदलली ते शोधायचं. हे सोपं जावं म्हणून कंपायलरला प्रत्येक फंक्शन आणि प्रत्येक डेटा ऑब्जेक्ट फाइलच्या वेगळ्या सेक्शनमध्ये (कप्प्यात) ठेवायला सांगितलं जातं. बदललेलं तेवढंच उचलून मॉड्यूल तयार होतं. या सगळ्यासाठी आणि कॅशसाठी डिस्कवर साधारण १५ जीबी जागा मोकळी ठेवावी लागते.

अवघड भाग आहे तो 'बदललं म्हणजे काय' हे ठरवणं. एक उदाहरण घेऊ. फाइलच्या वरच्या भागात एका फंक्शनमध्ये एकच ओळ वाढवली. खालच्या फंक्शन्सना कोणी हातही लावलेला नाही, पण त्यांच्यात इशारा छापणारे मॅक्रो आहेत आणि ते मॅक्रो सोर्समधला ओळ क्रमांक ऑब्जेक्ट कोडमध्ये भरतात. एक ओळ वाढली म्हणून खालचे सगळे क्रमांक एकाने सरकले. बाइट ताडून पाहिले तर अर्धी फाइल बदललेली दिसेल. म्हणून केपॅच-बिल्डमध्ये खास तपासणी आहे : फरक फक्त ओळ क्रमांकाचा असेल तर ते फंक्शन बदललेलं धरायचं नाही.

दुसरं उदाहरण याहून नाजूक आहे. फंक्शनच्या आत जाहीर केलेल्या स्टॅटिक चलांच्या (फंक्शन संपलं तरी किंमत जपून ठेवणाऱ्या) नावापुढे कंपायलर एक आकडा जोडतो, आणि तो आकडा दोन बिल्डमध्ये तोच राहील याची खात्री नसते. जुन्या बिल्डमधला कुठला चल म्हणजे नव्यातला कुठला, ही जोडी साधनाला आजूबाजूच्या संदर्भांवरून जुळवावी लागते. जोडी चुकली तर नवं फंक्शन चालू चल सोडून त्याची कोरी प्रत वापरू लागेल. आतापर्यंत जमलेली किंमत गेली आणि मोजणी शून्यापासून सुरू झाली, असं होईल. तेही कुठलाही एरर न येता. केपॅच-बिल्डमधल्या संभाव्य चुकांपैकी मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती अशा मुकाट्याने होणाऱ्या चुकांची.

शिवाय कर्नलमध्ये काही खास सेक्शन्स असतात : बगची नोंद ठेवणारी सारणी, अपवाद हाताळणारी सारणी, सीपीयूनुसार पर्यायी सूचना देणारी, जंप लेबलची. बदललेल्या फंक्शनपुरत्या नोंदी त्यातून वेचून घ्याव्या लागतात. एकेका नोंदीचा आकार कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे बदलू शकतो, म्हणून केपॅच-बिल्ड तो डीबग माहितीतून वाचून घेतं. ५.१० कर्नलमध्ये स्टॅटिक कॉल (पॉइंटरऐवजी थेट फंक्शनला केलेले कॉल) आले, तेव्हा त्यांचा नवा सेक्शनही आला आणि साधनाला तो शिकवावा लागला. कर्नल पुढे सरकत राहतो, जीसीसी हा कंपायलर पुढे सरकत राहतो, आणि मधल्या या साधनाला दोघांच्या मागे धावावं लागतं. केपॅच सांभाळणाऱ्यांचं बरंचसं काम हेच आहे. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण त्याच्यावाचून नव्या कर्नलसाठी एकही पॅच बनणार नाही.

या साधनाचा माझ्या मते मोठा गुण म्हणजे ते नकार देतं. बूटच्या वेळीच चालून संपणाऱ्या फंक्शनमध्ये बदल केला, आधीच मेमरीत असलेल्या डेटाची सुरुवातीची किंमत बदलली, एफट्रेसचा (कर्नलमधल्या फंक्शन्सचा माग ठेवणाऱ्या सोयीचा) कॉल नसलेलं फंक्शन पॅच करायला घेतलं, की बिल्ड तिथेच थांबतं. कंपायलरची आवृत्ती मूळ कर्नलच्या कंपायलरशी जुळत नसेल तरी तेच. नवख्या माणसाला हा अडथळा वाटतो आणि तो तपासणी टाळायचा पर्याय शोधू लागतो. तसा पर्याय आहेही, पण चालू सर्व्हरवर जाणाऱ्या पॅचसाठी तो कृपा करून वापरू नका.

लाइव्हपॅच : एकेका प्रोसेसची वाट पाहणं

लाइव्हपॅचला सोर्स, कंपायलर, फरक यांच्याशी काही देणंघेणं नाही. त्याच्या हातात मॉड्यूल आणि फंक्शनची यादी येते. ट्रेस करता येणाऱ्या प्रत्येक कर्नल फंक्शनच्या तोंडाशी एफट्रेससाठी जागा राखलेली असते. तिथे लाइव्हपॅच आपला हँडलर बसवतं आणि तो हँडलर अंमलबजावणी नव्या फंक्शनकडे वळवतो.

मात्र सगळ्या प्रोसेस एकदम वळत नाहीत. झोपलेल्या प्रोसेसचा स्टॅक तपासला जातो. त्यात जुनं फंक्शन नसेल तर ती नव्या बाजूला जाते. बाकीच्या प्रोसेस कर्नलमधून यूजर स्पेसमध्ये (साध्या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये) परतताना बदलतात. प्रत्येक प्रोसेस कुठल्या बाजूला आहे हे 'प्रॉक' या प्रोसेसची माहिती देणाऱ्या फोल्डरमध्ये तिच्या 'पॅच स्टेट' फाइलवरून कळतं : ० म्हणजे जुन्या कोडवर, १ म्हणजे नव्या, आणि -१ म्हणजे सध्या संक्रमणच चालू नाही. कोणी अडून बसलं असेल तर कर्नल दर १५ सेकंदांनी त्या प्रोसेसला खोटा सिग्नल देऊन हलवून बघतो. तरीही नाही हललं तर संक्रमण लटकतं, आणि ते संपेपर्यंत दुसरा पॅच लावता येत नाही. 'फोर्स' करायची सोय आहे, पण त्यानंतर ते मॉड्यूल काढता येत नाही, शिवाय सुसंगततेची हमीही गेलेली असते.

तेव्हा बिल्डच झालं नाही, किंवा मॉड्यूल बनलं पण त्यात नको ती फंक्शन्सही आली, तर केपॅच-बिल्डकडे बघायचं. मॉड्यूल लोड झालं पण पॅच पूर्ण लागत नसेल, तर ते संक्रमण लाइव्हपॅचचं, आणि शोध घ्यायचा तो अडलेल्या प्रोसेसचा. मॉड्यूल लोड करणारी 'केपॅच' ही कमांड दोघांच्या मध्ये उभी असते, म्हणून लटकलेल्या संक्रमणाचा एरर तिच्या नावाने छापला जातो आणि दोष केपॅचवर येतो.

दोघांच्या टेस्ट

टेस्टची रचना पाहिली की हा फरक लख्ख दिसतो. केपॅचच्या युनिट टेस्टमध्ये कर्नल बिल्डच होत नाही. आधीच कंपाइल केलेल्या मूळ आणि बदललेल्या ऑब्जेक्ट फाइल्सच्या जोड्या साठवून ठेवलेल्या आहेत, आणि फरक काढणारा प्रोग्रॅम थेट त्यांच्यावर चालवला जातो. एखाद्या विशिष्ट जीसीसीने घातलेला घोळ असा कायमचा जपून ठेवता येतो. पुढे ते जीसीसी कोणाच्या मशीनवर नसलं तरी चालतं. इंटिग्रेशन टेस्टमध्ये मात्र खऱ्या डिस्ट्रिब्यूशनच्या कर्नलवर खरे पॅच बिल्ड होतात, लोड होतात आणि परिणाम तपासला जातो. काही पॅच तर बिल्ड होऊच नयेत म्हणून लिहिलेले असतात. ते बिल्ड झाले तर टेस्ट नापास. शेवटी सगळे चांगले पॅच एकत्र करून त्यांचं एकच मॉड्यूल बनवलं जातं, कारण सुटे चालणारे पॅच एकत्र आल्यावर चालतीलच असं नाही.

लाइव्हपॅचच्या टेस्ट कर्नलच्या सोर्समध्येच, सेल्फटेस्टमध्ये आहेत. त्या २०१९ च्या ५.१ कर्नलपासून आल्या. तिथली मॉड्यूल्स हाताने लिहिलेली आहेत. त्यांच्यात केपॅच-बिल्डचा संबंधच येत नाही. एक मॉड्यूल कर्नलची कमांडलाइन दाखवणारं फंक्शन बदलून तिच्या जागी 'हे लाइव्ह पॅच झालं आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य छापतं. मग स्क्रिप्ट कर्नल लॉग वाचून संक्रमण सुरू झालं, पूर्ण झालं, उलट फिरलं या ओळी अपेक्षित क्रमाने आल्या का ते ताडून बघते.

म्हणजे सेल्फटेस्ट सगळ्या पास झाल्या, यावरून केपॅच-बिल्डने स्टॅटिक चलाची जोडी नीट जुळवली का हे कळत नाही. आणि युनिट टेस्ट पास झाल्या, यावरून तुमच्या कर्नलवर स्टॅक भरवशाने वाचता येतो का हे कळत नाही.

दोन्हीकडच्या टेस्ट पास होऊनही एक धोका उरतो. लाइव्हपॅचची हमी एका प्रोसेसपुरती असते : तिला सगळी फंक्शन्स जुनी दिसतील किंवा सगळी नवी. पण संक्रमण चालू असताना एक प्रोसेस जुन्या कोडवर आणि दुसरी नव्यावर, अशा दोघी एकाच डेटाला हात लावू शकतात. पॅचने त्या डेटाभोवतीचं लॉक (एका वेळी एकीलाच आत सोडणारं) बदललं असेल तर एकीने जुनं लॉक धरलेलं असेल, दुसरीने नवं, आणि दोघी एकदम आत. केपॅच-बिल्डला हे दिसणार नाही, कारण फंक्शन बदललं एवढंच त्याला कळतं. लाइव्हपॅचलाही दिसणार नाही, कारण आपला नियम त्याने पाळलेला आहे. हे पकडायचं काम पॅच लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं.

आता हद्द थोडी सरकते आहे. ६.१९ मध्ये 'केएलपी-बिल्ड' हे बनवणारं साधन कर्नलच्या सोर्समध्येच आलं. ते ऑब्जटूल या कर्नलसोबतच्या ऑब्जेक्ट फाइल तपासणाऱ्या साधनाच्या आधारे फरक काढतं. त्यामुळे नवा खास सेक्शन आला की त्याच सोर्समध्ये, त्याच बदलासोबत साधनही सुधारता येईल, आणि मागून धावणं कमी होईल. पण जुन्या कर्नलवर चालणारे सर्व्हर अजून पुष्कळ आहेत आणि त्यांना केपॅच-बिल्डच लागणार. तिथे पॅच पाठवण्याआधी, टेस्ट पास झाल्या असल्या तरी, मशीनवर खऱ्यासारखा भार ठेवून मॉड्यूल लोड करा, संक्रमण अर्ध्यात असताना ते उलट फिरवा, पुन्हा लोड करा, आणि पॅचने ज्या डेटाला हात लावला आहे नेमका तोच डेटा या सगळ्या वेळात वापरात राहील असं बघा.