देखावा की प्रकल्प? गोष्टीचं पुस्तक वर्गात उतरतं तेव्हा

“आमच्या वर्गानं या पुस्तकावर प्रकल्प केला,” असं कुणी कौतुकानं सांगितलं की मी फोटो नंतर बघते, आधी पुस्तक मागते. पानांचे कोपरे मऊ झालेत का, मधे कुठे पेन्सिलीची खूण आहे का, शिवण सैल झालीय का, हे बघायचं असतं. बऱ्याचदा भिंत गच्च भरलेली असते आणि पुस्तक कोरं करकरीत असतं. तेव्हा समजायचं की झाला तो देखावा होता.

देखावा आणि प्रकल्प यांची गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हींत कात्र्या, गोंद, पुठ्ठे असतात, दोन्हींत मुलं खूश असतात आणि शेवटी दोन्हींतून दाखवण्याजोगं काहीतरी तयार होतं. बाहेरून आलेल्या माणसाला फरक कळत नाही. करणाऱ्यालाही कळतोच असं नाही. मला पहिली तीन-चार वर्षं कळला नव्हता.

माझ्या त्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. पुस्तक होतं गावातल्या बंद पडलेल्या घड्याळाचं. एक मुलगी मनोऱ्याच्या ९६ पायऱ्या चढून वर जाते आणि घड्याळ का थांबलं ते शोधून काढते. मी गोष्ट एकदा वाचून दाखवली, दुसऱ्या दिवशी थर्माकोल आणला आणि कामं वाटून दिली. पाच जणांकडे विटा, चौघांकडे आकाश, दोघांकडे घड्याळाची तबकडी. आठवड्याभरात माझ्या खांद्याएवढा मनोरा उभा राहिला. बघायला आलेल्या एका बाईंनी एका मुलीला सहज विचारलं, “मग घड्याळ का बंद पडलं होतं गं?” ती म्हणाली, “माहीत नाही. मी विटा केल्या.”

तिचं काही चुकलं नव्हतं. तिला विटांचंच काम दिलं होतं आणि विटा तिनं फार सुरेख केल्या होत्या.

‘प्रकल्प’ हा शब्द शिक्षणात ज्या लेखामुळे रुजला तो लेख १९१८ सालचा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजात शिकवणाऱ्या विल्यम किलपॅट्रिक यांनी तो लिहिला. त्यात एक साधं उदाहरण आहे. एका मुलीनं फ्रॉक शिवला. शिवायचं तिनं स्वतः मनापासून ठरवलं असेल, बेतला तिनं असेल आणि शिवलाही तिनंच असेल, तर तो प्रकल्प. अशा कामाच्या चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या: हेतू ठरवणं, आखणी करणं, ते पार पाडणं आणि जमलं की नाही ते पारखणं. आता माझ्या मनोऱ्याकडे बघा. हेतू माझा, आखणी माझी, पारख पाहुण्यांची. मुलांच्या वाट्याला आली ती फक्त तिसरी पायरी, तीही तुकड्यातुकड्यांनी. देखाव्याची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

चारही पायऱ्या मुलांच्याच हाती सोपवायच्या, हे किलपॅट्रिक यांच्या लेखात वाचायला जितकं सोपं वाटतं तितकं वर्गात नसतं, हेही सांगून टाकते. चाळीस मुलांना चाळीस हेतू सुचतात आणि त्यातले तीस “आपण किल्ला करूया” असे असतात, गोष्टीत किल्ला असो वा नसो. शिक्षकानं थोडं ढकलावं लागतंच. फक्त ते ढकलणं कशाकडे आहे, पुस्तकाकडे की भिंतीकडे, एवढं पाहायचं.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो ‘फ्लॅट स्टॅनली’मध्ये. जेफ ब्राउन यांचं हे पुस्तक १९६४ सालचं. झोपेत अंगावर फळा पडून स्टॅनली नावाचा मुलगा कागदासारखा चपटा होतो. मग तो दारांच्या फटींखालून ये-जा करतो, धाकटा भाऊ त्याचा पतंग करून उडवतो, आणि एकदा तर आईवडील त्याला पाकिटात घालून पोस्टानं कॅलिफोर्नियाला मित्राकडे पाठवतात. १९९५ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात डेल ह्यूबर्ट या तिसरीच्या शिक्षकांनी यावरून एक उपक्रम सुरू केला. मुलांनी कागदाचा स्टॅनली करायचा, पाकिटात घालून दुसऱ्या गावी पाठवायचा. ज्यांच्याकडे तो जाईल त्यांनी त्याला फिरवायचं, तो तिथे काय काय करतो ते लिहायचं आणि परत धाडायचं. पुढे हा उपक्रम देशोदेशी पोचला.

यात कागदाचा बाहुला एकच आहे. कात्रीनं कापून, रंगवून, नाव घालून भिंतीवर लावला तर देखावा. तोच पाकिटात घातला की गोष्टीतली युक्ती चालू होते: हा मुलगा चपटा आहे, म्हणूनच तो टपालानं जाऊ शकतो. आता मुलांना प्रश्न पडायला लागतात. पाकिटात त्याला किती दिवस काढावे लागतील? मुक्कामी पोचल्यावर तो दारातून आत जाईल की फटीखालून? अनोळखी घरातल्या माणसांना त्याची ओळख कशी करून द्यायची? पत्र लिहायला बसलेलं मूल पुस्तक पुन्हा उघडतं, कारण ‘स्टॅनली असं करेल का?’ याचं उत्तर तिथेच आहे. पण इथेही घसरायला जागा आहे. स्टॅनलीची रोजनिशी घरच्या मोठ्यांनी लिहिली आणि मुलानं खाली नुसती सही केली, तर तो पाकिटातून फिरून आलेला देखावाच झाला.

नाटकातही हाच घोळ होतो. पाठ केलेले संवाद, पुठ्ठ्याचे मुकुट, मागे उभी ‘झाडं’ झालेली मुलं हे एक प्रकरण. ब्रिटनमधल्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट वेगळं करायच्या. त्या स्वतःच एखादी भूमिका घेऊन वर्गात शिरत आणि मुलांना निर्णय घ्यावा लागेल अशा प्रसंगात उभं करत. ‘मँटल ऑफ द एक्स्पर्ट’ या त्यांच्या पद्धतीत तर मुलं जाणकारांचा गट होतात आणि त्यांच्याकडे कुणीतरी काम घेऊन येतं. घड्याळाच्या गोष्टीत हे करायचं तर मुलं घड्याळ दुरुस्त करणारी होतील. शिक्षिका नगरपालिकेचं पत्र घेऊन येईल: मनोरा पाडावा की दुरुस्त करावा, चार दिवसांत कारणांसह कळवा. या नाटकात झाड व्हायला कुणी मोकळं राहत नाही.

याची दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नाही. प्रकल्प पुस्तकाला गिळूनही टाकतो. १९६९ साली आलेलं एरिक कार्ल यांचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक घ्या. कितीतरी वर्गांत ते वाचून झालं की लगेच अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असा तक्ता येतो, मग बरणीत अळ्या येतात आणि पंधरा दिवसांनी पुस्तक कुठे गेलं ते कुणाला आठवत नाही. मुलांनी अळ्या पाहिल्या, छान झालं. पण तो विज्ञानाचा तास झाला.

गंमत म्हणजे तिथून पुस्तकाकडे परतायची वाट पुस्तकातच आहे. गोष्टीतला सुरवंट स्वतःभोवती घर बांधतो आणि बाहेर येताना त्याला कुरतडून भोक पाडतो. ते घर म्हणजे इंग्रजीतलं ककून, रेशमी धाग्यांचं. तसं पतंगाची (रात्री दिव्यावर येणाऱ्या कीटकाची) अळी विणते. फुलपाखराची अळी सहसा तसं काही विणत नाही. ती शेवटची कात टाकते आणि आतून कठीण कवचाचा कोष उघडा पडतो. इंग्रजीत त्याला क्रिसॅलिस हा वेगळा शब्द आहे. मराठीत आपण दोन्हींना कोषच म्हणतो, त्यामुळे मोठ्यांच्या हे लक्षातच येत नाही. बरणीसमोर नाक लावून बसलेल्या मुलांच्या येतं. “याला सोंड आहे, मग यानं कुरतडलं कसं?” हा प्रश्न आला की बरणी बाजूला ठेवून पुस्तक काढायचं. लेखकानं असं का लिहिलं असेल, आपण बदलू का, बदललं तर शेवट तितका छान वाटेल का, यावर सात वर्षांची मुलं तासभर भांडू शकतात. प्रकल्प चालू आहे, याची खूण हे भांडण.

देखाव्याला मी नावं ठेवते आहे असं वाटेल. तसं नाही. अगदी लहान मुलांना नुसतं रंगवत बसण्यात सुख असतं, वाचनकोपरा सजला की मुलं तिकडे वळतात, आणि शिक्षकाच्या अंगात त्राण नसतात असेही आठवडे असतात. देखावा करावा, फक्त त्याला प्रकल्प म्हणून वहीत नोंदवू नये. प्रकल्पाला वेळ लागतो, तो वर्गात आवाज करतो आणि त्याचा फोटो बहुधा वाईट येतो.

आमचाच आला नाही. दोन वर्षांनी तेच घड्याळाचं पुस्तक दुसऱ्या वर्गात वाचत होते. या खेपेला थर्माकोल आणला नव्हता. एका मुलानं विचारलं, “९६ पायऱ्या म्हणजे किती उंच?” मी म्हटलं, तूच सांग. चौघं पट्टी घेऊन शाळेच्या जिन्यावर गेले. एक पायरी १७ सेंटिमीटर भरली. फळ्यावर गुणाकार झाला, १६३२ सेंटिमीटर, म्हणजे १६ मीटरच्या वर. मग सगळा वर्ग मैदानात गेला आणि खडूनं तेवढी रेघ ओढली. रेघ संपेचना. एक मुलगी पुस्तक उघडून धावत आली. चित्रात मनोरा शेजारच्या घराच्या जेमतेम दुप्पट होता. झालं, दोन तट पडले. चित्रकार चुकला म्हणणारे एकीकडे, “चित्र लांबून काढलंय” म्हणणारे दुसरीकडे. तिसऱ्याच कुणाला वाटलं की गोष्टीतल्या मुलीनं वरच्यावर पायऱ्या मोजल्या आणि ती दमल्यामुळे आकडा चुकला. हा मुद्दा पटवायला त्यानं ती कुठे कुठे थांबून बसली ती पानं शोधून काढली. तीन ठिकाणं होती. मी ते पुस्तक निदान दहा वेळा वाचलं होतं, मला दोनच माहीत होती.

खडूची रेघ दुसऱ्या दिवशी पावसात गेली. थर्माकोलचा मनोरा अजून कपाटावर आहे. त्याच्या तबकडीवर पावणेचार वाजलेत. पुस्तकात घड्याळ साडेअकराला बंद पडतं.