जुनी गिटार घेताय? आधी सॅडल बघा

सेकंडहँड अकूस्टिक गिटार बघायला गेलं की पहिली नजर जाते चकाकीवर आणि ओरखड्यांवर, आणि बरेचदा भावही त्यावरच ठरतो. ओरखड्यांचा आवाजाशी फारसा संबंध नसतो खरं तर. माझी पहिली जुनी गिटार अशीच चकचकीत होती, तारा फ्रेटबोर्डच्या, म्हणजे बोटांनी तारा जिथे दाबतो त्या पट्टीच्या, इतक्या जवळ की बोटांना काही त्रासच नाही, मी लगेच घेऊन टाकली आणि वर्षभरात तारा वर जायला लागल्या म्हणून दुरुस्तीला नेली तर त्या कारागिराने फक्त सॅडलकडे बोट दाखवलं. गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा म्हणजे ब्रिज, आणि सॅडल म्हणजे त्याच्यावरची ती पांढरी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. माझ्या गिटारची पट्टी आधीच्या मालकाने घासून घासून ब्रिजच्या लाकडापर्यंत आणली होती, म्हणजे आता तारा अजून खाली घ्यायच्या म्हटलं तर जागाच नव्हती.

हे का होतं ते समजलं की जुनी गिटार बघायची नजरच बदलते.

स्टीलच्या तारांचा नेहमीचा लाइट सेट सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास भरतो. एक मोठा माणूस दिवसरात्र त्या तारांना लटकलाय असं समजा. आणि हे ओझं ज्या टॉपवर येतं, म्हणजे पुढच्या लाकडी पाटीवर, ती जेमतेम 2.5 ते 3 मिमी जाड. जाड केली तर टिकेल पण मग ती थरथरणार नाही, आणि बारीकशी तार एकटी हवेला ढकलून ढकलून किती ढकलणार, आवाज मोठा होतो तो टॉप थरथरल्यामुळेच. म्हणून गिटार बनवणारा मुद्दाम ती मोडणार नाही इतपतच मजबूत करतो आणि आतून पट्ट्यांचा आधार देतो. नायलॉन तारांच्या गिटारवर ताण साधारण निम्मा असतो, त्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी.

आता लाकडाचा स्वभाव असा की सतत ओझं असलं की ते हळूहळू वाकतं आणि ओझं काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. पुस्तकांच्या कपाटाची फळी मधे झोळते ना, अगदी तसंच. याला क्रीप म्हणतात, उष्णता आणि दमटपणा मिळाला की ते वाढतं. गिटारमधे वर्षानुवर्षं असं होत होत नेक, म्हणजे गिटारची लांब मान, जिथे बॉडीला जोडलीय तिथला कोन किंचित बदलतो, नेक पुढे झुकते, तारा फ्रेटपासून, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, उंच जातात, मग मालक सॅडल घासून त्या खाली आणतो. बाराव्या फ्रेटवर तार बरोब्बर अर्ध्यावर असते, त्यामुळे तिथे अर्धा मिमी कमी करायला सॅडल पूर्ण 1 मिमी घासावं लागतं. म्हणून ते इतकं पटकन संपतं!

तर बघायचं कसं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेच्या खाली साधारण 2 ते 2.5 मिमी अंतर असावं, आणि त्याच वेळी सॅडल ब्रिजच्या वर 3 मिमी तरी दिसावं. दोन्ही एकत्र बघायचं, हे महत्त्वाचं. मग एक लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे सरकवा, ती ब्रिजच्या माथ्यावरून अलगद गेली तर कोन ठीक आहे, ब्रिजच्या पुढच्या कडेवर आपटली तर नेक काढून परत बसवावी लागेल आणि ते काम खर्चिक असतं.

इथे विकणारे हमखास सांगतात की ट्रस रॉड फिरवला की सगळं नीट होईल. ते चुकीचं आहे. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतला धातूचा दांडा, गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना 1923 मधे त्याचं पेटंट मिळालं, आणि त्याचं काम नेकचा बाक कमीजास्त करणं एवढंच. जोडाचा कोन तो बदलू शकत नाही. बाक बघायला एक तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबा, सातव्याजवळ अगदी बारीक फट दिसली की झालं.

ब्रिजच्या मागे टॉप थोडा फुगलेला असणं नॉर्मल आहे, एवढा ताण आहे म्हटल्यावर तो फुगणारच. पण ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा, आत गेला तर गोंद सुटतोय. मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा साऊंडहोलमधून आत घालून पट्ट्याही बघून घ्या, आणि टॉपवर ठिकठिकाणी बोटाच्या पेराने हलकं ठोका, एखादी पट्टी सुटली असेल तर तिथे खुळखुळ ऐकू येते.

हवेतल्या ओलाव्याचं पण लक्षात ठेवा. गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतं आणि आकसतं, त्यामुळे कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की टोचतात. असं टोचलं तर टॉपवर चिरा शोधायलाच हव्यात. चीर फक्त पॉलिशमधे असेल तर फार बिघडलं नाही, पण दोन्ही बाजूंना हलकं दाबल्यावर कडा हलल्या तर लाकूडच फाटलंय.

फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत का बघा, थोडे असले तर घासून निघतात. ट्यूनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, बदलता येतात, त्यात वेळ घालवू नका.

सूर तपासताना बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून वाजवा आणि मग दाबून वाजवा, दोन्ही स्वर ट्यूनर ॲपवर सारखे यायला हवेत. मात्र तारा जुन्या, गंजलेल्या असतील तर या टेस्टवर जाऊ नका, मळामुळे तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही आणि चांगली गिटारही बेसूर वाटते. शक्य असेल तर नवा सेट सोबत न्या, मालकाला विचारून तारा बदला आणि मग प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवून बघा. अर्धा तास जाईल, पण मी तेव्हा हे केलं असतं तर निदान तारा काढल्यावर ते संपलेलं सॅडल माझ्या हातात आलं असतं.