त्रिमितीय आभासदृश्य (प्रतिमासंपादन)

सपाट छायाचित्रांतून कापून घेतलेल्या आकृत्या (कटआउट) फोटोशॉप, गिंप यांसारख्या प्रतिमासंपादन प्रणालींत थरांवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांसारख्या स्तरांवर) रचून खोलीचा भास निर्माण करणारे दृश्य. यात त्रिमितीय मॉडेल घडवले जात नाही. आकार, सावली, धूसरपणा या खुणा हाताने जुळवल्या जातात.

यामागील यथादर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे, म्हणजे सपाट पृष्ठावर खोली रेखाटण्याचे) गणित युरोपातील प्रबोधनकाळातले. इटालियन वास्तुविशारद फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या चित्रफलकाला भोक पाडले आणि फलकामागून त्या भोकातून चित्राचे आरशातील प्रतिबिंब पाहायला लावले. फलक आज उपलब्ध नाही. वर्णन मानेत्तीने नंतर लिहिलेल्या ब्रुनेलेस्कीच्या चरित्रातून येते. प्रयोगाचा काळ पुष्कळदा १४२५च्या सुमारास धरतात. १४१३च्या एका पत्रात ब्रुनेलेस्कीला यथादर्शनाचा जाणकार म्हटले असल्यामुळे तो त्याआधीचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्या काळी हाच शब्द प्रकाशशास्त्रालाही लावत, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नाही. वास्तुविशारद व लेखक आल्बेर्तीने १४३५मध्ये यथादर्शनाचे नियम लेखी मांडले. ब्रुनेलेस्कीच्या फलकातील भोकामुळे पाहणाऱ्याचा डोळा एका जागी बांधला जाई. कॅमेऱ्याचे भिंगही तसेच बांधलेले असते, आणि संपादनातील बहुतेक चुका ही अट विसरल्याने होतात.

फोटोशॉपमध्ये थर १९९४मध्ये, तर व्हॅनिशिंग पॉइंट हे यथादर्शन सांभाळून संपादन करण्याचे साधन २००५मध्ये आले. २००७च्या एक्स्टेंडेड आवृत्तीतील थ्रीडी सोयी पुढे मोडीत काढण्यात आल्या.

सपाट जमिनीवर क्षितिजरेषा प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते. ती दिसत नसेल तर फरशीचे दोन समांतर सांधे वाढवून ते जिथे एकत्र येतात त्या लोपबिंदूतून आडवी रेषा काढतात. कॅमेरा १.५ मी. उंचीवर आणि पावले क्षितिजाखाली ३०० पिक्सेलवर असतील, तर १.८ मी. उंचीचा माणूस ३६० पिक्सेलचा हवा. तोच मागे सरकवून पावले १०० पिक्सेलवर आणली की १२० पिक्सेल. कॅमेरा वर-खाली झुकलेला असल्यास हा हिशेब बिघडतो. गच्चीवरून टिपलेल्या रस्त्यावर समोरून काढलेला माणूस चिकटवला तर आकार बरोबर असूनही तो पुठ्ठ्याचा वाटतो: वरून दिसणारे डोके-खांदे त्या फोटोत नसतातच. पर्स्पेक्टिव्ह साधन फक्त सपाट पृष्ठ वळवते, लपलेली बाजू आणून देत नाही.

सावलीसाठी कटआउटच्या थराची प्रत काळी करून डिस्टॉर्टने (कोपरे ओढून आकार तिरपा करणाऱ्या साधनाने) जमिनीवर पाडतात; मल्टिप्लाय मोड (खालचा थर गडद करणारी मिश्रणपद्धत), अपारदर्शकता साधारण ४० ते ६० टक्के. सगळीकडे सारखा ब्लर (धूसरपणा) देणे ही नेहमीची चूक. सूर्याचा कोनीय व्यास सुमारे ०.५° असल्याने सावलीची कड सावली पाडणाऱ्या भागापासूनच्या प्रत्येक मीटर अंतरामागे जवळपास १ सेंमी. पसरते; टाचेशी ती धारदार आणि डोक्याकडे मऊ हवी. म्हणून धारदार व मऊ असे दोन थर ग्रेडियंट मास्कने (थर हळूहळू झाकत जाणाऱ्या आवरणाने) एकमेकांत मिसळतात. तळव्याखाली अरुंद, गडद स्पर्शछाया नसेल तर माणूस तरंगतो. (फ्लेक्सवरील कटआउट बहुधा कमरेपर्यंतच असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.) मोकळ्या आकाशाखालची सावली शुद्ध काळी नसते, किंचित निळसर असते.

दूरच्या वस्तू हवेमुळे फिकट दिसतात, म्हणून दूरच्या थरांचा काळा रंग कर्व्ह्ज (उजेड व छटा बदलण्याचे साधन) वापरून उजळ करून आकाशाच्या छटेकडे नेतात. सह्याद्रीच्या एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या रांगा हा त्याचा नमुना. कटआउटच्या कडेला जुन्या पार्श्वभूमीचा रंग उरल्यास निवडलेल्या भागाची कड १ पिक्सेल आत घेतात. कणदारपणा (छायाचित्रातल्यासारखे बारीक कण) शेवटी, सर्व थरांवर एकत्र देतात.