मानेच्या गाठीची सुईची तपासणी

मानेला, जबड्याखाली, कानापुढं किंवा गळ्यावर गाठ आली की तिच्यात बारीक सुई घालून थोड्या पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या, ही तपासणी म्हणजे एफएनएसी. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा राजारामपुरीतल्या लॅबमध्ये लोक "गाठीतलं पाणी काढायचंय" असं सांगतात, पण बऱ्याच गाठी भरीव असतात आणि सुईत येतो तो पेशींचा जेमतेम एखादा थेंब.

सुई २२ ते २५ गेजची, म्हणजे रक्त काढायच्या सुईएवढी किंवा त्याहून बारीक. भूल बहुतेक वेळा लागत नाही, उपाशी यावं लागत नाही, फक्त रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. काही काचा वाळवून गिम्सा रंग देतात, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवून पॅप रंगासाठी ठेवतात. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी ही पद्धत मांडली तेव्हा सुई चांगली जाड होती, आजची बारीक सुई पुढं स्वीडनच्या डॉक्टरांनी रुळवली.

आपल्याकडं मानेच्या गाठीत टीबी खूप सापडतो, जुनी माणसं त्यालाच गंडमाळ म्हणायची. सुईत पू आला तर त्यातच टीबीचे जंतू बघता येतात आणि सीबीनॅट, म्हणजे जंतूंचे जनुक शोधणारी मशीनवरची तपासणी, केली तर रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल का तेही कळतं. लहान पोरांच्या डोक्यात उवा-फोड झाले किंवा दाढ किडली की अवधाण येतं, म्हणजे त्यामुळं मानेतली गाठ सुजते, ते साधं असतं. पण मावा, तंबाखू, मिश्री लावणाऱ्या माणसाच्या जबड्याखाली घट्ट, न दुखणारी गाठ आली तर तोंडातला कॅन्सर तिथवर पोचलेला असू शकतो, आणि दुखत नाही म्हणून लोक महिनोन् महिने थांबतात हे फार वाईट होतं.

थायरॉइडच्या गाठीचा रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीनं ६ गटांत येतो, लाळग्रंथीसाठी मिलान पद्धत आहे. मर्यादा पण आहेत. थायरॉइडची फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची हे सुईवरून ठरत नाही, कारण पेशींनी गाठीचं आवरण फोडलंय का ते अख्खी गाठ काढल्यावरच दिसतं. लिम्फोमाचा, म्हणजे लसीका गाठींच्या कॅन्सरचा, संशय असला तरी सहसा पूर्ण गाठ काढून बायोप्सी लागते. आणि रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही पण गाठ तशीच आहे किंवा वाढतीय, तर सुई परत लावून घ्यायची, गरज पडली तर सोनोग्राफीवर बघून.

"सुई टोचली की गाठ चिघळते, कॅन्सर पसरतो" ही भीती चंदगडपासून शिरोळपर्यंत सगळीकडं ऐकायला मिळते. बारीक सुईनं असं होणं अगदीच क्वचित. उलट कॅन्सरची गाठ आधी सुई न लावता थेट कापली तर पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दोन आठवड्यांत न गेलेल्या गाठीला पहिली सुईच लागायला पाहिजे.

रिपोर्टबरोबर काचा पण मागून घ्याव्यात, पुढं पुण्याला किंवा मुंबईला जायची वेळ आली तर तिथले डॉक्टर त्याच काचा परत बघतात.