अल्झायमरची रक्तचाचणी: मागचा प्रवास

26 नोव्हेंबर 1901 रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात 51 वर्षांच्या ऑगस्ट डेटर दुपारचे जेवण घेत होत्या. ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खाता आहात, असे डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी विचारले, तेव्हा त्यांनी ‘पालक’ असे उत्तर दिले. 1906 मध्ये त्या वारल्यानंतर त्यांच्या मेंदूचे काप तपासताना अल्झायमर यांना पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू आढळले. रुग्ण हयात असताना दिसणारी विस्मृती आणि मृत्यूनंतरच दिसणारी तिची खूण यांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

1968 मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्धांच्या हयातीत नोंदवलेली मानसिक क्षमता आणि शवविच्छेदनात मोजलेली पुटे यांचा संबंध दाखवला. पुटांमधील प्रथिन अमिलॉइड बीटा आहे, हे 1984 पासून उलगडत गेले आणि गुंत्यांमधील टाऊ प्रथिनही त्याच दशकात ओळखले गेले. पुढे, 1992 मध्ये, स्मृतिभ्रंशाची तीव्रता पुटांपेक्षा गुंत्यांशी अधिक जुळते असे निष्पन्न झाले. या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणावी लागेल.

1990 च्या दशकात ही प्रथिने मज्जाद्रवात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, मोजता येऊ लागली, परंतु त्यासाठी पाठीत सुई टोचून पाणी काढावे लागे, ज्याला रुग्ण आणि नातेवाईक सहसा बिचकतात. 2004 मध्ये जिवंत मेंदूतील अमिलॉइड दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनचे, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून घेतलेल्या प्रतिमांचे, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो मात्र महागडा. रक्ताची अडचण वेगळीच होती. मेंदूतून रक्तात उतरणाऱ्या या प्रथिनांचे प्रमाण पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात, मोजावे लागते आणि तितकी संवेदनशील उपकरणे गेल्या पंधरा-एक वर्षांतच हाती आली. 2020 मध्ये पी-टाऊ217 या, टाऊच्याच एका बदललेल्या रूपाच्या, रक्तचाचणीने अल्झायमर आणि मेंदूचे इतर ऱ्हासजन्य विकार यांत चांगला फरक करता येतो, हे दिसून आले. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पी-टाऊ217 आणि अमिलॉइड यांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली, तीही केवळ 55 वर्षांवरील, लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांसाठी.

ही अट अनाठायी नाही. पी-टाऊ217 लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी वाढू लागते, त्यामुळे चाचणी सकारात्मक आलेल्या व्यक्तीची स्मरणशक्ती शाबूत असू शकते. या प्रथिनाची पातळी वर्षागणिक चढत गेल्यास आकलनक्षमतेची घसरणही सोबत दिसते, पण ती समूहाच्या सरासरीत, एकेका माणसाच्या बाबतीत खात्रीने नव्हे. स्मृती, भाषा आणि दिशाभान तपासणारी 30 गुणांची प्रश्नावली म्हणूनच अद्याप वापरात आहे. शिवाय मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात हे प्रथिन रक्तात वाढलेले आढळते, तेव्हा मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारा क्रिएटिनिनचा अहवाल शेजारी ठेवूनच हा आकडा वाचावा लागतो.